उशिरा कापलेला पट्टा

तिचं आडनाव ढेकळे नव्हतं. तरी कृषी संशोधन केंद्रात तिला येणारी निम्मी पत्रं 'श्रीमती ढेकळे' याच नावाने यायची आणि ती मुकाट्याने घ्यायची. तिच्या टेबलावर, खिडकीच्या कट्ट्यावर, कपाटाच्या माथ्यावर, जिथे म्हणून जागा सापडेल तिथे मातीची ढेकळं मांडलेली असत. केंद्रातल्या ट्रॅक्टरवाल्याने थट्टेने ठेवलेलं हे नाव इतकं पक्कं बसलं, की नवे विभागप्रमुख आले तेव्हा त्यांनी पहिल्याच बैठकीत अगदी गंभीरपणे विचारलं, "ढेकळेबाई, तुमचं काय म्हणणं?" सगळे खाली माना घालून हसले. बाईंनी काही दुरुस्ती केली नाही, आपलं म्हणणं तेवढं सांगितलं.

म्हणणं एकच होतं आणि ते त्या उभा जन्म सांगत होत्या. पीक काढल्यावर जमीन उघडी ठेवू नका. कापणीपासून पुढच्या पेरणीपर्यंत थंडीचे जे महिने जातात, त्यात जमिनीवर काहीतरी उगवतं ठेवा. जईसारखं गवताळ धान्य पेरा, शेंगांचे वेल पेरा. ते विकायचं नाही की खायचं नाही. पेरणीच्या आधी आडवं पाडायचं आणि तिथेच कुजू द्यायचं. याला आच्छादनाचं पीक म्हणतात. त्याने माती मऊ होते, पाणी मुरतं, गांडुळं परत येतात. नवखी माणसं हे ऐकून म्हणायची, "एवढंच?" आणि बाई म्हणायच्या, "एवढंच. पण मातीत फरक दिसायला दहा-बारा वर्षं लागतात."

ती वर्षं त्यांनी दिली होती. केंद्राच्या मागच्या अंगाला त्यांचे वाफे होते, निम्मे दर थंडीत झाकलेले, निम्मे उघडे, आणि थंडीनंतर सगळ्यांतच मका. गिरमिट जमिनीत फिरवून मातीचे नमुने काढायचे, ओले तोलायचे, ओव्हनमध्ये वाळवायचे, पुन्हा तोलायचे. प्रयोगशाळेत त्या ओव्हनची घरघर आणि तापल्या मातीचा कोरडा वास कायम भरून असे. लग्न झालं नव्हतं. त्याचं त्यांनी फार मनाला लावूनही घेतलं नव्हतं. घर म्हणजे केंद्राच्या आवारातल्या दोन खोल्या, आणि गावाकडे आई आणि धाकटा भाऊ.

भावाला सगळे बारक्या म्हणत. लहानपणी काडीसारखा होता म्हणून ते नाव पडलं, आणि पुढे तो दारातून वाकून आत येण्याएवढा उंच झाला तरी सुटलं नाही. वडिलांच्या मागे घरची शेती तोच बघत होता. केंद्रापासून बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर उताराची, हलक्या मातीची जमीन होती. बहीण संशोधक असल्याचा त्याला अभिमान होता, पण तो तोंडावर कधी आणत नसे. उलट फोनवर म्हणायचा, "काय ताई, काय म्हणतंय तुझं गवत?"

एकदा तो न सांगता केंद्रावर आला. हातात जेवणाचा डबा होता. बाईंना वाटलं, आईने काही पाठवलं असेल. झाकण काढलं तर आत घरच्या शेतातलं ढेकूळ.

"तुझ्या त्या बरण्या दाखव," तो म्हणाला.

बाईंनी काचेच्या तीन बरण्या पाण्याने भरल्या. एकीत झाकलेल्या वाफ्यातलं ढेकूळ सोडलं, दुसरीत उघड्या वाफ्यातलं, तिसरीत घरचं. घरचं ढेकूळ पाण्याला लागताच फसफसलं आणि चहा निवायच्या आत त्याचा तळाला गाळ झाला. उघड्या वाफ्यातलं जरा टिकलं, मग तेही गेलं. झाकलेल्या वाफ्यातलं मात्र पाण्यात दगडासारखं बसून राहिलं.

बारक्या बराच वेळ खाली वाकून बघत राहिला. "आपली माती विरघळते, ताई."

"तिला धरून ठेवायला आत काही राहिलं नाही रे. मुळं नाहीत, किडामुंगी नाही."

"मग टाकू का मी पण?"

"टाक. डोळे झाकून टाक."

त्याने डोळे झाकूनच टाकलं. एखादा पट्टा करून बघ, असं बाई म्हणाल्या नाहीत आणि त्यानेही विचारलं नाही. सगळ्या रानात जई आणि वेल पेरले. थंडी संपता संपता ते कमरेएवढं झालं. फोनवर आई म्हणाली, "घराभोवती नुसतं हिरवं समुद्रासारखं दिसतंय गं. लोक बघायला थांबतात." बाईंना त्या दिवशी ऑफिसात बसवेना. उगीचच वाफ्यांवर एक फेरी मारून आल्या.

पेरणी जवळ आली तसा बारक्याचा फोन आला. "ताई, कापू का आता? शेजारी म्हणतोय, फार माजलंय."

"थांब अजून थोडं. जेवढा पाला जास्त, तेवढं मातीला जेवण जास्त."

"तू म्हणतेस तर थांबतो."

तो थांबला. पेरणीच्या तोंडावर सगळं कापून आडवं पाडलं आणि त्यातच मका पेरला. त्यानंतर जो पाऊस दरवर्षी यायचा, तो त्या वर्षी आला नाही. आज येईल, उद्या येईल, असं करत महिना गेला. आईचे फोन कमी झाले. एकदा नुसतंच म्हणाली, "तू ये."

बाई पोचल्या तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मका अर्धा उगवलाच नव्हता, जो उगवला तो वाळून गेला होता आणि बारक्याने त्यात गुरं सोडली होती. बांधापलीकडे शेजाऱ्याचं शेत होतं. जमीन तसलीच, पाऊस तोच, थंडीभर उघडी पडलेली. त्याचा मका ठेंगणा होता, पिवळट होता, पण उभा होता.

बाईंनी पिशवीतून गिरमिट काढलं. आधी आपल्या शेतात फिरवलं. माती राखेसारखी सुटी निघाली, हातभर खाली गेलं तरी कोरडीच. मग शेजाऱ्याची परवानगी घेऊन पलीकडे फिरवलं. वितीवरच ओल लागली. ती ओली माती मुठीत धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. त्या कमरेएवढ्या हिरव्या समुद्राने पुढच्या पिकाचं पाणी आधीच पिऊन टाकलं होतं.

आणि मग त्यांना ते आठवलं. केंद्रावरच्या वाफ्यांना दर वर्षी पेरणी झाली की एक हलकं पाणी दिलं जाई. सगळ्यांना सारखं, म्हणजे उगवण एकसारखी होते आणि तुलना चोख होते. पहिल्या वर्षी हे त्यांनीच ठरवलं होतं. पुढे ते इतकं अंगवळणी पडलं, की ते पाणी आहे हेच कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. बारक्याच्या शेतात असं पाणी कुठून यायचं होतं?

त्या घरी आल्या. तो अंगणात ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसला होता. बाई समोर उभ्या राहिल्या आणि काहीही आडपडदा न ठेवता सगळं सांगून मोकळ्या झाल्या. पाण्याचं सांगितलं. थांब म्हटलं ते चुकलं, हेही सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"नव्हतं. पण माहीत करून घ्यायला हवं होतं. ते काम माझंच होतं."

"मी तुला विचारलं होतं, ताई. कापू का म्हणून विचारलं होतं."

"हो."

त्याने आवाज चढवला असता, चार शब्द सुनावले असते, तर बाईंना हलकं वाटलं असतं. तो उठला आणि गोठ्यात गेला. जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशी बाई निघाल्या तेव्हाही तो दिसला नाही.

केंद्रावर परतल्या तर त्यांच्याच शिफारशीची पुस्तिका छपाईला निघाली होती. मुखपृष्ठावर त्यांच्याच हिरव्यागार वाफ्याचं चित्र होतं. त्या विभागप्रमुखांसमोर जाऊन म्हणाल्या, "ही थांबवा."

विभागप्रमुख माणूस वाईट नव्हता, पण त्या पुस्तिकेची वाट बघणारे वर बरेच जण बसले होते. "एका शेतावरून तुम्ही इतक्या वर्षांचं काम मोडीत काढणार?"

"मोडीत नाही काढत, साहेब. ते अर्धं आहे, एवढंच म्हणते. कोरड्या वर्षात काय होतं ते आम्ही कधी बघितलंच नाही. आमच्याकडे कोरडं वर्ष येऊच दिलं नाही आम्ही."

"आणि पाणी बंद केलंत तर आधीच्या आकड्यांशी पुढचे आकडे जुळतील का? मागचं सगळं एकीकडे पडेल."

"पडेल," बाई म्हणाल्या.

ते आठवडाभर त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. मग पुस्तिका थांबली. बाईंनी निम्म्या वाफ्यांचं पाणी तोडलं आणि प्रत्येक झाकलेल्या वाफ्याचे दोन भाग केले, एकात आच्छादन लवकर कापायचं, दुसऱ्यात उशिरा. या वयात नव्याने सुरुवात करताना बघून ट्रॅक्टरवाला म्हणाला, "ढेकळेबाई, निवृत्तीच्या आत निकाल लागणार का याचा?" त्यावर बाईंनी त्याला एक खुंटी दिली आणि ठोकायला सांगितलं.

घरचा फोन आता आईच उचलायची. "बारक्या बाहेर गेलाय," असं म्हणायची, आणि तिच्या मागेच त्याचा खोकला ऐकू यायचा. दोघी मायलेकींना तो ऐकू यायचा आणि दोघी हवापाण्याचं बोलत राहायच्या. असे दोन हिवाळे गेले. बाईंनी त्याला निरोप धाडले नाहीत, मध्यस्थ घातला नाही. चूक आपली असताना त्याने मन मोठं करावं अशी अपेक्षा धरायची, हे त्यांना पटत नव्हतं.

मग आई पडली. खुब्याचं हाड मोडलं आणि त्यातून छातीत पाणी झालं. फोन बारक्याचाच होता. "ताई, ये." एवढंच बोलला.

दवाखान्याच्या बोळात एकच बाकडं होतं. एका टोकाला तो बसला, दुसऱ्या टोकाला बाई. मध्ये त्याच्या बायकोने आणलेला थर्मास. त्याची बायको दोघांना चहा ओतून द्यायची आणि काहीतरी निमित्त काढून आत आईजवळ जाऊन बसायची. ती शहाणी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बारक्या समोरच्या भिंतीकडे बघतच बोलायला लागला.

"परत उघडीच ठेवली मी जमीन. दोन्ही वर्षं."



"यंदा वारा सुटला तेव्हा माती उठली. दारात माती, खिडक्यांत माती, पाण्याच्या हंड्यात माती. आई पदराने पुसत बसायची. म्हणायची, तुझ्या बापाचं शेत आलंय बघ घरात."

तो हसला, आणि हसता हसताच त्याने तोंड हातांनी झाकलं. बाईंनी मधला थर्मास उचलून खाली ठेवला आणि त्याच्या जवळ सरकल्या. पाठीवर हात ठेवायचा धीर झाला नाही. नुसत्या शेजारी बसल्या.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुझं ते लवकर-उशिराचं चाललंय म्हणे केंद्रात. आई सांगत होती. माझ्या शेतात कर ते. पाण्याविना."

"बारक्या, त्यातलं काही मरेल. मी तुला खात्री देऊ शकत नाही."

"खात्री नकोच मला. काय होईल ते सांग आणि काय होणार नाही तेही सांग. मागच्या वेळी तू अर्धंच सांगितलंस."

आई त्या आठवड्यातच गेली. शेवटी शेवटी ती फारसं ओळखत नव्हती. दोघं दोन बाजूंना उभी होती, तेवढं तिला दिसलं असावं, असं बाईंनी आपलं आपण मानून घेतलं.

थंडीच्या सुरुवातीला बारक्याच्या उतारावर तीन लांब पट्टे आखले गेले. एक उघडा, एक लवकर कापायचा, एक उशिरा. बाकीच्या रानात त्याला हवं ते त्याने करावं, असं ठरलं. पहिली दोन वर्षं पाऊस चांगला झाला. झाकलेले दोन्ही पट्टे उघड्याच्या पुढे गेले, आणि उशिरा कापलेला तर सगळ्यांत पुढे. शेजारी कौतुकाने म्हणाला, "बघ, तुझी बहीण बरोबरच होती की." बारक्या म्हणाला, "अजून वर्ष यायचंय." त्याला कुठलं वर्ष म्हणायचं होतं, ते शेजाऱ्याला कळलं नाही. बाईंना कळलं.

ते वर्ष आलं. पेरणी झाली आणि आभाळ कोरडं ठणठणीत झालं. बाई रजा घेऊन भावाच्या घरीच येऊन राहिल्या. सकाळ-संध्याकाळ दोघं पट्ट्यांवर जात. लवकर कापलेल्या पट्ट्यात वाळक्या पाल्याखाली माती अजून गार लागत होती आणि मका उघड्या पट्ट्याच्या बरोबरीने तग धरून होता. उशिरा कापलेल्या पट्ट्यात मक्याच्या पानांची सुरळी व्हायला लागली. आधी ती दुपारीच वळायची आणि संध्याकाळी सुटायची. मग ती सुटेनाशी झाली.

बारक्याला ते बघवेना. एका सकाळी तो घराजवळच्या, पिण्यापुरत्या विहिरीवरून दोन बादल्या भरून घेऊन आला आणि पट्ट्याच्या तोंडाशी उभा राहिला.

"ताई, एवढ्या कडेच्या ओळीला टाकतो. कुणाला कळणार आहे?"

"नको."

"अगं, डोळ्यांदेखत मरतंय ते."

"मरू दे. आपण आज पाणी टाकलं, तर उद्या माझं ऐकून कुणीतरी सगळं रान असं करून बसेल. तुझ्यासारखं."

बादल्या हातात धरूनच तो बहिणीकडे बघत राहिला. "त्या वर्षी हे मी रोज बघत होतो," तो म्हणाला. "रोज सकाळी. तू आलीस तेव्हा गुरं फिरली होती वरून. तुला दिसलं नव्हतं."

"आता बघते आहे."

त्याने बादल्या परत नेल्या आणि गुरांच्या टाकीत ओतल्या. त्यानंतर तो पट्टा पुरता वाळेपर्यंत बाई रोज तिथे गेल्या. मोजमाप करण्यासारखं काही नसलं तरी गेल्या. शेवटच्या दिवशी बांधावर बसून त्या रडल्या. बारक्या ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथेच शेजारी बसून राहिला.

केंद्राच्या वाफ्यांतही तेच दिसलं. पुस्तिका निघाली, पण आधीच्यापेक्षा निम्म्याच जाडीची. पहिल्याच पानावर ठळक लिहिलं होतं, की ओल कमी असेल तर आच्छादन लवकर कापा, आणि फारच कमी असेल तर त्या वर्षी सगळ्या रानात टाकूच नका. विभागप्रमुख कुरकुरले, "औषधाच्या बाटलीवरची सूचना वाटते ही, बाई." पण सही केली. पुस्तिकेचा काही फार बोलबाला झाला नाही. काही जणांनी एखाद्या पट्ट्यावर करून बघितलं, काहींनी दुसऱ्या वर्षी सोडून दिलं, काहींनी वाढवलं. बांधापलीकडच्या शेजाऱ्याने तर अजूनही केलेलं नाही. बारक्याने अर्धं रान झाकायला सुरुवात केली. कधी कापायचं हे तो आता विचारत नाही. कापून झाल्यावर कळवतो. बाईंना वाटतं, अजून चार दिवस चाललं असतं. पण त्या बोलत नाहीत. पूर्वीचा तो भाबडा विश्वास गेला तो गेलाच, आणि एखाद्या संध्याकाळी त्याची हळहळही वाटते. पण भाऊ आता स्वतः गिरमिट फिरवतो, माती मुठीत दाबून बघतो आणि मग ठरवतो, हेही त्यांना दिसतं.

बाईंच्या निवृत्तीचा समारंभ झाला त्या दिवशी बारक्या आला नाही. आदल्या दिवशी त्याच्याकडे पाऊस झाला होता आणि जमिनीला नेमका वाफसा आला होता, म्हणजे पेरायला हवी तेवढीच ओल. भाषणं झाली, शाल झाली, ट्रॅक्टरवाल्याने हुंदका दिला. विभागप्रमुखांनी जाहीरपणे पहिल्यांदाच त्यांचं खरं आडनाव घेतलं, तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी विचारलं, "या कोण?" बाई सगळ्यांत आधी हसल्या.

तिथून त्या थेट बसने भावाकडे गेल्या. उन्हं कलायला लागली होती. पिशवी ओसरीवर ठेवून त्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. बारक्याने ओळ पुरी केली, ट्रॅक्टर त्यांच्यासमोर आणून थांबवला आणि इंजिन बंद न करताच ओरडून विचारलं,

"झाला का कार्यक्रम?"

"झाला!"

"रडलीस?"

"थोडीशी!"

"ये मग, चढ वर. दोन फेऱ्या राहिल्यात."

बाईंनी साडीचा काठ वर खोचला, चपला बांधावर काढून ठेवल्या आणि त्याचा हात धरून वर चढल्या.